मुनाबाव स्टेशन बघायला जायचंय, कुणी गेलंय का?

रूळवेडा: डिसेंबरात जोधपूर-जैसलमेर करतोय, मधला एक दिवस मोकळा आहे तर डोक्यात आलं की बाडमेरवरून पॅसेंजर पकडून पाकिस्तान सीमेवरच्या मुनाबावला जाऊन यावं. इथून पाकिस्तानात जाणारी थार एक्सप्रेस परत बंद पडली हे माहितीये, पण बघण्यासारखं काही उरलंय का? बायको म्हणतेय ओसाड स्टेशन बघायला एवढ्या लांब कोण तडफडतं.

कटिंगचहा: वहिनींचं बरोबर आहे, तरीही जा. बाडमेरपासून साधारण १२० किमी, रामसर, गागरिया, गडरा रोड, लीलमा, जयसिंधर करत करत डबा रिकामा होत जातो, शेवटी मी, सुट्टीवरून परतणारे दोन जवान आणि मांडीवर करडू घेतलेल्या एक आजी एवढेच उरलो. खिडकी लावून घेतली तरी दातांखाली वाळू कचकच. गाव एवढंसं आणि स्टेशन केवढं, कारण थारच्या पॅसेंजरांचं इमिग्रेशन-कस्टम्स इथंच व्हायचं. पुढे पाकिस्तानातल्या खोखरापारकडे गेलेल्या रुळांकडे जरा जास्त वेळ बघत राहिलो तर आधार कार्ड दाखवावं लागलं. फोटो विचारूनच काढा.

मीटरगेज: १९६५ च्या युद्धात पलीकडे जाणं बंद झालं ते १८ फेब्रुवारी २००६ ला थार सुरू झाली तेव्हा उघडलं, आणि ऑगस्ट २०१९ ला परत कुलूप. म्हणजे चाळीस वर्षं वाट बघून साडेतेरा वर्षं गाडी, तीपण आठवड्यातून एकदा! जाताना गडरा रोड चुकवू नका, ६५ च्या सप्टेंबरात बॉम्बहल्ल्यात गेलेल्या १७ रेल्वे कर्मचाऱ्यांचं स्मारक आहे तिथे. आणि फाळणीत मूळ गडरा गाव राहिलं पाकिस्तानात, त्याच्या नावाचं स्टेशन आपल्याकडे.

उल्हासनगर_४: आमच्या शेजारच्या सिंधी काकूंचे सासरे ४७ ला सिंधमधल्या मीरपूर खासहून याच लाईनने जोधपूरला आले, मग इकडे उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पात. थार सुरू झाल्यावर काकूंनी पासपोर्ट काढला होता, व्हिसाचं काही जमलं नाही. तुम्ही गेलात तर तिकीट फेकू नका, काकूंना दाखवेन.

रूळवेडा: नक्की ठेवतो. परतीचं काय, मुक्काम करता येतो का?

कटिंगचहा: मला तरी राहायची सोय कुठे दिसली नाही, आलो त्याच गाडीने मागे फिरलो. टाइम बाडमेरला विचारून घ्या आणि पाणी तिथूनच भरून न्या.