चिंबोराझो की एव्हरेस्ट? पाचवीच्या लेकरांना कसं सांगू

परभणीची_मॅडम:
पाचवीला भूगोल शिकवायलेय. सगळ्यात उंच शिखर एव्हरेस्ट म्हटलं तर एक पोरगी उठली अन् म्हणे मॅडम, मोबाईलमधे तर चिंबोराझो दाखवायलंय, इक्वेडोरमधलं, अँडीज पर्वतातलं. दोन्ही खरं कसकाय? उद्या परत तास आहे, लेकरांना पटंल असं सांगा कुणीतरी.

लातूरकर_७:
मॅडम, पोरगी हुशार आहे. समुद्रसपाटीपासून मोजलं तर एव्हरेस्ट ८,८४९ मीटर अन् चिंबोराझो ६,२६३, अँडीजमधे सुद्धा ते पहिलं नाही, अर्जेंटिनाचं अकोंकाग्वा ६,९६१ मीटर आहे. पण पृथ्वी स्वतःभोवती फिरायलीये ना, त्यानं ती विषुववृत्तापाशी फुगलीये, भाकरीच्या पिठाचा गोळा वरून जरा दाबला की बाजूनं फुगतो तशी, अन् चिंबोराझो नेमकं त्या फुगवट्यावर, विषुववृत्ताच्या थोडंसं दक्षिणेला. मग पृथ्वीच्या केंद्रापासून मोजा, त्याचं टोक जवळपास ६,३८४ किलोमीटरवर, एव्हरेस्टचं त्याहून दोनेक किलोमीटर कमी. ग्लोबवर दोन्ही जागा दाखवा, लगेच कळतं.

बालाघाटचा_पोरगा:
लेकरं पुढं हे विचारणारच, विषुववृत्तावर एवढं ऊन तर वर बर्फ कसा? तर दर किलोमीटर वर गेलं की साधारण साडेसहा डिग्री थंड होतं. अन् हो, तो ज्वालामुखी आहे, शेकडो वर्षांपासून शांत. मला स्वतःला तिथल्या बर्फवाल्यांचं लई आवडतं, ही माणसं वर चढून हिमनदीचा बर्फ फोडायची, गवतात गुंडाळून गाढवावर लादून खाली रिओबांबाच्या बाजारात आणायची, सरबताला लागायचा, फ्रीज आले अन् धंदा बसला. हे नक्की सांगा, नुसते आकडे कुणाच्या ध्यानात राहतात.

देवगिरी_वाचक:
हुम्बोल्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाचं पण सांगा मॅडम. १८०२ मधे तो यावर चढला, तवा युरोपात यालाच जगातलं सगळ्यात उंच समजायचे. टोकापर्यंत काही पोचला नाही, वाटेत मोठी भेग आडवी आली, टोक गाठलं ते व्हिम्पर नावाच्या इंग्रज गिर्यारोहकानं १८८० मधे. पण हुम्बोल्टनं कोणत्या उंचीला कोणतं झाड ते टिपून डोंगराचं मोठं चित्र केलं, मला तर टोक गाठण्यापेक्षा हेच काम मोठं वाटतं. लेकरांकडून तसंच काढून घ्या.

परभणीची_मॅडम:
चित्राचं भारी आहे सर! उद्या तेच करते. पण खालून वर काय काय दाखवू?

देवगिरी_वाचक:
पायथ्याला दाट जंगल, त्याच्यावर झुडपं, मग नुसतं गवत, तिथं व्हिकुन्या चरायलेले काढा, उंटाच्या कुळातला लहानसा प्राणी आहे. त्याच्यावर दगडावरचं दगडफूल अन् मग बर्फ. बाजूला मीटरची पट्टी आखायला लावा.