कॉलेज फुटबॉल २०२५: कोणती कॉन्फरन्स किती पाण्यात? (अनुभव धागा)

मंडळी, २३ ऑगस्टला डब्लिनमध्ये आयोवा स्टेट आणि कॅन्सस स्टेट भिडले की अमेरिकेतला कॉलेज फुटबॉलचा (हातात चेंडू घेऊन पळायचा अमेरिकन फुटबॉल) हंगाम सुरू. शिकायला किंवा नोकरीला तिकडे गेलेले आपले कित्येक जण कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाचे कट्टर पाठीराखे आहेत. "आमचेच जिंकणार" हे सगळ्यांना माहीत आहे, ते नको. हंगामाआधी कॉन्फरन्सचा (विद्यापीठ संघांच्या साखळी स्पर्धेचा) अंदाज बांधताना तुम्ही काय बघता, कशावरून ठरवता आणि अंदाज कुठे फसतो, ते इथे लिहा. (धागा २०२५ च्या हंगामाआधीचा: 'यंदा' म्हणजे २०२५, 'गेल्या वर्षी' म्हणजे २०२४; नियम आणि वेळापत्रकंही तेव्हाचीच.)

नव्यांसाठी थोडक्यात: प्रत्येक संघाचे १२ सामने, त्यातले ८ किंवा ९ कॉन्फरन्समधले. मोठ्या चारही कॉन्फरन्समधले (एसईसी, बिग टेन, बिग ट्वेल्व्ह, एसीसी) उपगट आता मोडले आहेत, त्यामुळे गुणतक्त्यातले पहिले दोन संघ डिसेंबरच्या सुरुवातीला विजेतेपदासाठी खेळतात. राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफमध्ये १२ संघ: क्रमवारीत सर्वात वरचे ५ कॉन्फरन्स-विजेते हक्काने, उरलेले ७ निवड समितीच्या क्रमवारीने.

हंगामाआधीच्या भाकितांवर किती विसंबायचं? २०२४ मध्ये पत्रकारांनी ॲरिझोना स्टेटला बिग ट्वेल्व्हमध्ये १६ पैकी १६वं ठेवलं होतं, तोच संघ विजेता झाला. पहिला ठेवलेला युटा कॉन्फरन्समध्ये २-७ (२ विजय, ७ पराभव). इंडियाना बिग टेनमध्ये १८ पैकी १७वी, ती प्लेऑफमध्ये. एसीसीत पहिली ठेवलेली फ्लोरिडा स्टेट २-१०. तेव्हा भाकितं बाजूला ठेवून बोलू.

ब्लूमिंग्टन, इंडियाना

सुरुवात वेळापत्रकापासून. दोन रकाने करा: कोणाशी खेळायचं आहे आणि कोणाशी खेळायचंच नाही. दुसरा रकाना जास्त बोलका असतो. बिग टेनमध्ये १८ संघ आणि ९ सामने, म्हणजे प्रत्येकाचे ८ प्रतिस्पर्धी सुटतात. एसईसीत १६ संघ, ८ सामने, सुटतात ७. बिग ट्वेल्व्हमध्ये १६ आणि ९, म्हणून ६ च. एसीसीत १७ आणि ८, म्हणजे पुन्हा ८.

२०२४ च्या इंडियानाच्या ११-१ मध्ये याचा वाटा होता. ओरेगन आणि पेन स्टेट वाट्यालाच नव्हते, आणि ओहायो स्टेटशी गाठ पडली तेव्हा ३८-१५ असा पराभव झाला. संघ पोकळ होता असं अजिबात नाही. नेब्रास्काला ५६-७ हरवणं वेळापत्रकाच्या कृपेने होत नाही. पण यंदा ओरेगन आणि पेन स्टेट दोघेही आहेत, दोन्ही सामने त्यांच्या घरी. ओहायो स्टेट मात्र नाही.

इतर ठिकाणीही हेच पडताळून बघा. टेक्ससला यंदा अलाबामा, एलएसयू, ओल मिस आणि टेनेसी, चौघेही नाहीत. ओरेगनला ओहायो स्टेट आणि मिशिगन नाहीत. क्लेमसन आणि मायामी साखळीत भेटणारच नाहीत. विजेतेपदाच्या सामन्यात कोण पोचणार याचा निम्मा हिशेब इथेच होतो.

ऑस्टिन, टेक्सस

ब्लूमिंग्टनच्या ताईंचा मुद्दा बरोबर, पण वेळापत्रक सोपं असलं म्हणून लाइन आपोआप तयार होत नाही. एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत टेक्सस हंगामाआधी पहिल्यांदाच १ नंबरवर आहे आणि सगळी चर्चा क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास टाकणारा) आर्च मॅनिंगची. गेल्या वर्षीच्या पाच ऑफेन्सिव्ह लाइनमनपैकी (क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी: मध्ये सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल) चार गेले त्याबद्दल कोणी बोलत नाही. केल्विन बँक्ससारखा लेफ्ट टॅकल निवडीच्या पहिल्याच फेरीत एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेला. जुना म्हणावा असा डी.जे. कॅम्पबेल एकटाच.

बिघडतं कुठे ते सांगतो. ३० ऑगस्टला पहिलाच सामना कोलंबसला ओहायो स्टेटशी, स्टेडियममध्ये लाखावर लोक. क्वार्टरबॅकचा आवाज पोचत नाही, म्हणून मूक मोजणी चालते: गार्ड मागे वळून क्वार्टरबॅकची खूण बघतो, सेंटरला हाताने थोपटतो, सेंटर एक ठेका थांबून चेंडू मागे देतो. टोकाला उभ्या टॅकलला आवाज नाही, तो तिरप्या नजरेने चेंडूकडे बघून हलतो. समोरचा बचावपटूही त्याच चेंडूकडे बघत असतो, म्हणजे घरच्या मैदानावर टॅकलला मिळणारी निमिषभराची आघाडी संपली. त्यात समोरच्या दोघांनी आडवी अदलाबदल केली, एक आत आणि एक त्याच्या मागून बाहेर, तर गार्ड आणि टॅकलने माणसं एकमेकांकडे सोपवायची असतात. हे सोपवणं तालमीने येतं, अंगातल्या ताकदीने नाही. नव्या जोडीत दोघे एकाच माणसामागे जातात आणि दुसरा थेट क्वार्टरबॅकवर.

म्हणून प्रत्येक संघाच्या पाचही लाइनमनचे सुरुवातीच्या फळीतले एकूण सामने मांडा. पण आकडा तसाच घेऊ नका. त्याच जागेवरचे किती आणि शेजारी तोच माणूस असताना किती, हे वेगळं काढा. राइट गार्ड म्हणून २० सामने खेळलेला लेफ्ट टॅकलला उभा केला तर तो जवळपास नवाच.

टेंपी, ॲरिझोना

बिग ट्वेल्व्हचा अंदाज बांधणारे एक गोष्ट विसरतात: बरोबरी कशी सोडवतात. गेल्या वर्षी ॲरिझोना स्टेट, आयोवा स्टेट, बीवाययू आणि कोलोराडो चौघे ७-२ वर होते. चौघे आपसात पूर्ण खेळलेलेच नव्हते, त्यामुळे आमनेसामनेचा निकष पुरला नाही आणि बाकीच्या निकषांवर पहिले दोघे पुढे गेले. इतक्या सपाट कॉन्फरन्समध्ये हे पुन्हा घडू शकतं. म्हणून मधल्या फळीतल्या संघांशी असलेले सामने हलके धरू नका, समान प्रतिस्पर्ध्यांचा हिशेब तिथेच लागतो.

दुसरं, यंदा नियम बदलला. गेल्या वर्षी पहिल्या चार विजेत्यांना थेट उपांत्यपूर्व फेरी मिळत होती, आता समितीचे पहिले चार संघ, विजेते असोत वा नसोत. गेल्या वर्षीच्या क्रमवारीला नवा नियम लावून बघा: समितीच्या यादीत १२व्या असलेल्या ॲरिझोना स्टेटला चौथं मानांकन आणि सुट्टी मिळाली होती. नव्या नियमाने तोच संघ ११व्या मानांकनावर येतो आणि पहिल्याच फेरीत कोलंबसला ओहायो स्टेटपुढे. पहिल्या फेरीचे चारही सामने गेल्या वर्षी यजमानांनी जिंकले, एकही अटीतटीचा झाला नाही. एसईसी आणि बिग टेनबाहेरच्या विजेत्यांना हा बदल महाग पडणार.

सिएटल, वॉशिंग्टन

प्रवास मोजा. २०२४ मध्ये वॉशिंग्टनने कॉन्फरन्सचा एकही सामना परक्या मैदानावर जिंकला नाही: रटगर्स, आयोवा, इंडियाना, पेन स्टेट, ओरेगन. यूएससी मिशिगनला २७-२४, मिनेसोटाला २४-१७, मेरीलंडला २९-२८ अशी हरली. तिन्ही निसटते. आता ओरेगन बघा, तेही लांबचा प्रवास करून साखळीत अपराजित. फरक राखीव फळीचा, विशेषतः डिफेन्सिव्ह लाइनचा. आठ माणसं आलटून पालटून खेळवता येत असतील तर शेवटच्या क्वार्टरमध्ये पाय शिल्लक राहतात. तेव्हा नुसते मैल मोजू नका, दुसऱ्या फळीतल्या चार जणांनी गेल्या वर्षी किती डाव (चेंडू मागे दिल्यापासून तो थांबेपर्यंतचा एक खेळ) खेळले तेही बघा.

नॉक्सव्हिल, टेनेसी

पोर्टलबद्दल (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदणी). फेब्रुवारीत केलेल्या याद्या एप्रिलमध्ये शिळ्या होतात. यंदा वसंतातल्या खिडकीत (बदलाच्या ठरावीक मुदतीत) क्वार्टरबॅक निको इयामालियावा टेनेसी सोडून यूसीएलएला गेला आणि यूसीएलएचा जोई आगिलार टेनेसीत आला. वसंतातला सराव दुसऱ्याच संघात झालेला क्वार्टरबॅक. अशा वेळी सप्टेंबरमध्ये डावांची निवड आखडती दिसेल हे गृहीत धरा.

पोर्टलमधल्या खेळाडूला किती तारे मिळालेत यापेक्षा तो कोणाबरोबर आला ते महत्त्वाचं. व्हँडरबिल्टने अलाबामाला ४०-३५ हरवलं तेव्हा क्वार्टरबॅक डिएगो पाविया आणि ऑफेन्स कोऑर्डिनेटर (आक्रमण आखणारा प्रशिक्षक) टिम बेक दोघेही न्यू मेक्सिको स्टेटमधून आलेले होते. इंडियानात कर्ट सिग्नेटींनी जेम्स मॅडिसनमधले खेळाडू आणि प्रशिक्षक बरोबर आणले. खुणा, डावांची नावं, पास कुठे वाचायचा, सगळं आधीच पाठ. यंदा हेच युटात आहे: न्यू मेक्सिकोचा डेव्हन डॅम्पियर आणि त्याचा कोऑर्डिनेटर जेसन बेक. युटाला माझ्या यादीत बरंच वर स्थान आहे ते यामुळे.

कोलंबस, ओहायो

मग उलट बाजूही बघा. ओहायो स्टेटचे १४ खेळाडू एनएफएलने निवडले, चिप केली गेले, जिम नोल्स थेट पेन स्टेटला गेले. दोन्ही कोऑर्डिनेटर नवे, क्वार्टरबॅक ज्युलियन सेयिन नवा. जेरेमाया स्मिथ आणि केलेब डाउन्स आहेत म्हणून संघ वरच राहील, पण सप्टेंबरमध्ये चुका होतील. पेन स्टेटकडे क्वार्टरबॅक ड्रू ॲलर आणि दोन्ही रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारे) परत आलेत, शिवाय नोल्स. बिग टेनमध्ये मी त्यांना पहिलं धरतो.

"एसईसी की बिग टेन" या वादात एवढंच सांगतो की गेली दोन्ही राष्ट्रीय विजेतेपदं बिग टेनची असली, २०२३ मिशिगन आणि २०२४ ओहायो स्टेट, तरी त्यावरून कॉन्फरन्सचं डोकं कळतं, पोट नाही. सातव्या ते बाराव्या क्रमांकाचे संघ एकमेकांसमोर ठेवून बघा, तिथे एसईसी अजून भारी आहे.

रॅली, नॉर्थ कॅरोलायना

फ्लोरिडा स्टेट म्हणजे भरवशाच्या म्हशीला टोणगा. २०२३ मध्ये १३-० नंतर १० खेळाडू एनएफएलने नेले आणि पुढच्या वर्षी २-१०. एसीसीत यंदा उलटं चित्र क्लेमसनचं: क्वार्टरबॅक केड क्लुबनिक आणि बचावफळीतले पीटर वूड्स, टी.जे. पार्कर सगळे परत. बचावाला टॉम ॲलन नवे, तेवढीच शंका.

बॉयसी, आयडाहो

छोट्या कॉन्फरन्सवाल्यांसाठी: पाचव्या विजेत्याची जागा हाच खरा दरवाजा. त्यासाठी कॉन्फरन्सबाहेरचा एक मोठा विजय फार उपयोगी पडतो, तो बहुतेक सप्टेंबरमध्येच मिळतो. रनिंग बॅक ॲश्टन जीन्टी गेल्यावर बॉयसी स्टेटला तो मिळवणं जड जाणार.

पुणे

पहिल्या दोन आठवड्यांत धावफलकाऐवजी यशस्वी डावांचं प्रमाण मोजा, वही पुरते. पहिल्या डाउनला (१० यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार संधींपैकी पहिली) हव्या असलेल्या यार्डांपैकी निम्मे मिळाले तर यश, दुसऱ्याला ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण. म्हणजे १० यार्ड हवे असताना पहिल्या डाउनला ५ मिळाले तर खूण करा, ४ मिळाले तर नाही. मग दुसऱ्या डाउनला ६ हवेत, त्यातले ४ मिळाले तरी खूण, ते ७० टक्क्यांच्या थोडं खाली असलं तरी अर्ध्या यार्डाचा वाद घालू नका. सामना एकतर्फी झाला की मोजणं थांबवा, राखीव खेळाडू आले की आकडे बिघडतात. ५६-० ने जिंकलेला संघ पहिल्या क्वार्टरमध्ये अडखळत होता का, हे यातच दिसतं.

इकडून बघणाऱ्यांना वेळा: तिकडचा दुपारी १२ चा सामना आपल्याकडे रात्री साडेनऊला, साडेतीनचा रात्री १ ला, संध्याकाळी साडेसातचा रविवारी पहाटे ५ ला. २ नोव्हेंबरला तिकडची घड्याळं मागे जातात, मग प्रत्येकात एक तास वाढवा. या वेळा पूर्व किनाऱ्याच्या आहेत. बिग टेन सामन्याच्या दोन तास आधी आणि एसईसी दीड तास आधी कोण खेळणार नाही त्याची शेवटची यादी जाहीर करते. ती बघितल्याशिवाय आपला अंदाज पक्का करू नका.

ऑस्टिन, टेक्सस

पुणेकर, टेक्सस-ओहायो स्टेट १२ चाच आहे, म्हणजे तुमच्याकडे शनिवारी रात्री साडेनऊ. टेक्ससच्या लेफ्ट टॅकलचे पहिले दहा पास-डाव मोजून इथेच टाका.