ओढ्याच्या पाण्यातलं खत काठच्या झाडांना मानवतं का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. आमचं शेत करवीर तालुक्यात, पंचगंगेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी आहे. वरच्या अंगाला काठावर शेरणी, निरगुडी, उंबर, मधूनमधून वाळुंज असं अजून टिकून आहे. खाली उसाचा पट्टा सुरू झाला की पाणकणीस, बेशरम आणि उन्हाळ्यात डोहांवर जलपर्णी, दुसरं काही दिसत नाही. युरिया, १०:२६:२६ ही खतं पावसात धुपून ओढ्यातच येतात, वर गावचं सांडपाणी.

काठ ढासळतोय म्हणून गेल्या पावसाळ्यात खालच्या भागात वाळुंज, करंज आणि जांभूळ लावलं. वाळुंज तर माणसाच्या डोक्यावर गेलाय, पानं काळपट हिरवी. बघणारा प्रत्येकजण कौतुक करतो, पण पुरात कलंडलेलं एक रोप उपटून पाहिलं तर त्या उंचीला मुळं अगदीच तोकडी. नत्र जास्त मिळाल्यामुळे नुसता शेंडा वाढतो आणि मूळ मागे राहतं, असं होतं का? असेल तर ही झाडं काठ कसा धरणार? पाणी तपासायचं तर काय आणि कधी? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

तुमची शंका रास्त आहे. नत्र सहज मिळालं की झाड मुळांवर कमी खर्च करतं आणि पाला-फांद्या वाढवतं. मात्र वाळुंज फांदी खोचून लावला असेल तर त्याला सोटमूळ नसतंच, तेही लक्षात घ्या. खाली शेरणी दिसत नाही याचा दोष सगळा खतावर टाकू नका. तिला खडकाळ पात्र आणि वाहतं पाणी लागतं. खाली गाळ साचला की ती तगत नाही.

नायट्रेट पाण्यात विरघळून जमिनीखालूनही ओढ्यात पोचतं. स्फुरद (फॉस्फरस) मातीच्या कणांना चिकटून गाळाबरोबर येतं. म्हणून एकच नमुना पुरणार नाही. जूनच्या पहिल्या लोंढ्याचा एक घ्या आणि एप्रिलमध्ये पाणी आटल्यावर दुसरा. दोन्ही वेळी उसाच्या वरून आणि खालून. अहवालात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या आत दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका, ती पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे. शेवाळ आणि जलपर्णी माजायला लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आसपासचा स्फुरदही पुरतो.

प्रतिसाद २

काठाच्या ओल्या, हवा न शिरणाऱ्या मातीत जिवाणू नायट्रेटचा नत्रवायू करून टाकतात. तेव्हा काठाचा ओला पट्टा आणि त्यावरचं गवत खरवडू नका, तेच तुमचं गाळणं आहे. ऊस आणि ओढा यांच्यामध्ये वाळ्याची (खस गवताची) दाट ओळ लावा. त्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात, पुरात टिकतात आणि नत्रही ओढून घेतात. बेशरम मात्र मुळासकट काढा, तुकडा राहिला तरी पुन्हा फुटते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. वाळुंज फांदीपासूनच लावला होता. आता त्याच्या मध्ये बियांपासून वाढवलेली करंज आणि जांभळाची रोपं लावतो, आणि ओढ्याकडेला खताचा डोस देणं बंद. शेजाऱ्यांशीही बोलायला हवं, पाणी सगळ्यांचं एकच. कोल्हापूर भागात वाळ्याचे ठोंब कुणाकडे मिळतील? पावसाआधी ओळ लावून व्हावी असं फार वाटतंय.