ट्रेलरवरून ट्रॅक्टर उतरवताना टाच मोडली, भरपाई कोणाले मागू?

दारव्ह्याचा हेल्पर:
राम राम मंडळी. मी ट्रॅक्टरच्या शोरूमवर हेल्पर आहो, महिना 12,000, रोख. 2024 च्या पोळ्याच्या तोंडावर ट्रेलर आला, झिमझिम पाणी चालू. शेठ म्हणे, "जाय रे, उतरवून घे." वर चढलो तं ड्रायव्हरनं चाकाचा पट्टा सोडाले लावलं. रॅचेट, म्हणजे पट्टा आवळाचा खटका, जाम. टॉमी घालून जोर मारला, ते फटकन सुटलं अन् मी मागच्या मागं खाली. डाव्या टाचेचा चुरा. मुनीमजीनं दवाखान्यात "घरी पडला" असं लिहून दिलं! आता शेठ म्हणते ट्रेलरवाल्याले माग, ट्रेलरवाला म्हणते हा माणूस आमचा नाही. बसून पावत्या फाडाचं काम मागितलं, तेही नाही. कोणाले धरू?

जुना ट्रेलरवाला, पांढरकवडा:
पट्टा सोडणं ट्रेलरच्याच माणसाचं काम, बाप्पा. ट्रॅक्टर गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाले गुटके, मगच रॅचेटले हात. अन् पाठ कधीच उघड्या बाजूले करू नाही. पण ड्रायव्हरले पुढच्या भाड्याची घाई, शोरूमची पोरं त्याले फुकटात भेटतात. तरी मी म्हणतो, पगार देते त्यालेच धर.

कामगारांच्या केसेस पाहणारा, यवतमाळ:
बरोबर. शेठनं सांगितलेल्या कामात लागलं, म्हणजे अपघाताच्या वेळी लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यानं जबाबदारी त्याचीच; गाडी दुसऱ्याची म्हणून तो सुटत नाही. काम बंद होतं तेवढ्या काळाचे दर पंधरवड्याला पगाराचे 25 टक्के, म्हणजे तुमचे 3,000. दवाखान्याचा खर्च बिलांप्रमाणे वेगळा. पाय कायमचा अधू राहिला तर कमाईची ताकद किती टक्के गेली ते डॉक्टर लिहून देतात. त्यावर अन् वयावर एकरकमी रक्कम ठरते. अर्जाची मुदत अपघातापासून दोन वर्षं, ती जाऊ देऊ नका. पगारातून ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, कापत असतील तर मात्र रस्ता वेगळा. "घरी पडला" खोडायला त्या दिवशीचं काही आहे का?

दारव्ह्याचा हेल्पर:
ईएसआय नाही कापत. चलानवर माल उतरवून घेतल्याची सही माहीच आहे, मुनीमजी नेहमी मलेच लावत. त्याचा फोटो मोबाइलात सापडला. वकिलाले पैसे नाहीत पण.

कामगारांच्या केसेस पाहणारा, यवतमाळ:
मग फोटो आधी दुसऱ्या मोबाइलातही टाकून ठेवा. तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, वकील फुकट मिळतो. एक्स-रे, बिलं घेऊन जा. अन् शेठनं कोऱ्या कागदावर सही मागितली तर करू नका.