फाइंडर आधी दिवसा जुळवा

११४ मिमी आरशाच्या न्यूटोनियन दुर्बिणीतून गुरूसुद्धा सापडत नाही, अशी एकाची तक्रार आहे. आरसा खराब असेल असं मला वाटत नाही. फाइंडर (लक्ष्य शोधायला नळीवर बसवलेला छोटा शोधक) मुख्य नळीशी जुळलेला नाही आणि सुरुवातच मोठ्या वर्धनाने होते आहे.

नळीचं नाभीय अंतर ९०० मिमी असेल तर २५ मिमीच्या आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) ३६ पट वर्धन मिळतं, १० मिमीने ९० पट. १० मिमीला सोबतची ३ पटीची बार्लो (वर्धन वाढवणारं जोडभिंग) जोडली की २७० पट, म्हणजे ११४ मिमीच्या आरशाला झेपण्यापलीकडे. प्रतिमा अंधूक, दृश्यक्षेत्र इतकं चिंचोळं की पूर्ण चंद्रही मावत नाही, आणि ग्रह मिनिटाभरात बाहेर सरकतो. बार्लो खोक्यातच राहू द्या.

दिवसा, सूर्याच्या विरुद्ध बाजूला, किलोमीटरभर तरी लांबच्या मोबाइल टॉवरचं टोक २५ मिमीमध्ये मधोमध आणा. चित्र उलटं दिसेल, तसंच असतं. नळी न हलवता फाइंडरचे स्क्रू फिरवून तेच टोक त्याच्या मध्यावर आणा. मग १० मिमी लावून पुन्हा तपासा. ही दुसरी फेरी बहुतेक जण गाळतात आणि रात्री तिथेच अडतं.

रात्री दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी गच्चीवर ठेवा. आरसा गरम असेल तर प्रतिमा उकळल्यासारखी हलते. पहिलं लक्ष्य चंद्र, अष्टमीच्या आसपासचा. पौर्णिमेला सावल्या नसल्याने विवरं सपाट दिसतात. मग गुरू: ३६ पटीतच त्याचे चार चंद्र ओळीत दिसतात.

आयपीसला लावायचा काळा ‘सन फिल्टर’ खोक्यात असेल तर आजच फेकून द्या. उष्णतेने तो तडकतो आणि डोळा कायमचा जातो.