जुना टीव्ही बॉक्स भंगारात द्यायचा की त्याचा गेमिंग कन्सोल करायचा?

माळ्यावरचा_डबा:
साध्या टीव्हीला स्मार्ट करायला सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला अँड्रॉइड बॉक्स अनेकांच्या माळ्यावर धूळ खात असेल. ॲप चालेनाशी झाली म्हणून तो भंगारात देऊ नका. आत ॲमलॉजिकची एस९०५एक्स किंवा एस९०५डब्ल्यू चिप असेल, तर चिपला चालणारी एम्युइलेकची आवृत्ती मेमरी कार्डावर चढवा. ही जुन्या कन्सोलचे गेम चालवणारी, लिनक्सवरची मोफत प्रणाली आहे. निन्टेन्डोचा १९८३ चा फॅमिकॉम, सेगाचा मेगा ड्राइव्ह, पहिलं प्लेस्टेशन या जुन्या कन्सोलचे गेम या चिपला झेपतात. निन्टेन्डो ६४ मात्र अडखळतो.

माझी पहिली संध्याकाळ काळ्या स्क्रीनसमोर गेली. बोर्डावर कुठले भाग आहेत हे लिनक्सला सांगणारी, त्या बोर्डाला जुळणारी डीटीबी फाइल नाव बदलून कार्डावर ठेवावी लागते, मी दुसऱ्याच बोर्डाची ठेवली होती. ती बदलली, एव्हीच्या भोकात टूथपिक घालून आतलं बटण दाबून धरलं आणि वीज जोडली, म्हणजे बॉक्स कार्डावरून सुरू होतो. कॉन्ट्रा या गोळीबाराच्या जुन्या गेमचं संगीत वाजलं तेव्हा लेक धावत आली. मग त्यातली गुप्त खूण: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. ३० लाइफ! बोटांना अजून पाठ आहे.

निळी_बत्ती:
जुन्या बॉक्सबद्दल ठीक. पण हे वाचून लोक दीड-दोन हजारांचा नवा बॉक्स मागवतील, त्याला माझा ठाम विरोध आहे. टी९५ नावाच्या बॉक्समध्ये कारखान्यातूनच मालवेअर आलेलं २०२३ च्या जानेवारीत उघड झालं. पुढे बॅडबॉक्स या नावाने असे अनेक स्वस्त बॉक्स सापडले आणि जून २०२५ मध्ये एफबीआयने लोकांना सावध केलं. घरातल्या इंटरनेटवरून परके लोक आपले उद्योग करतात आणि आपल्याला पत्ताही नसतो. शिवाय खोकीवरच्या आकड्यांचा भरवसा नाही. माझ्या बॉक्सवर ४ जीबी रॅम छापलेली, उघडला तर १ जीबीच्या चिपा.

माळ्यावरचा_डबा:
नवा घ्या असं मी म्हणतच नाही. कार्डावरून लिनक्स चालू असताना आतलं अँड्रॉइड सुरूच होत नाही. वाय-फायही मी जोडलेलं नाही, गेम पेनड्राइव्हने टाकतो.

निळी_बत्ती:
कार्ड काढलं की तेच अँड्रॉइड पुन्हा जागं होतं. उद्या घरातल्या कुणी यूट्यूबसाठी कार्ड काढून वाय-फाय जोडलं तर?

उंबरठा:
गेम कुठून आणले, हे कुणीच का बोलत नाही? एम्युलेटर, म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्रॅम, वापरण्यात गैर नाही, पण १९८८ च्या कॉन्ट्रावरचा प्रताधिकार अजून संपलेला नाही. आपल्या प्रताधिकार कायद्याचं कलम ५२ स्वतःच्या प्रोग्रॅमची राखीव प्रत काढू देतं, कुठूनही उतरवायची मुभा देत नाही.

माळ्यावरचा_डबा:
अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज विकतच मिळत नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये दाखवलं. मग ते मरू द्यायचे? आणि आपण लहानपणी फुंकून लावायचो त्या '९९९९९९९ इन १' कॅसेटी तरी कुठे अस्सल होत्या?

उंबरठा:
तेव्हा आपण दहा वर्षांचे होतो, आता कळतं. आणि कॉन्ट्राचा तर तो बनवणाऱ्या कोनामी कंपनीने २०१९ मध्ये अधिकृत संच काढला आहे. जे मिळतं ते विकत घ्या, मग न मिळणाऱ्यांबद्दल बोलू.

माळ्यावरचा_डबा:
कॉन्ट्रापुरतं मान्य. तो संच घेतो. पण बॉक्स भंगारात देणार नाही.

निळी_बत्ती:
मग एक करा. बॉक्स उघडा, चिपवरचा क्रमांक आणि कुठली डीटीबी चालली ते इथे लिहा. माझ्याकडचा तो १ जीबीवालाही पडूनच आहे. वाय-फायशिवाय चालवून बघतो.