लहान पोरांना घेऊन दोन दिवस पुणं: शनिवारवाडा यादीतून काढा!

पेठकर
सुट्ट्या लागल्या की पाहुणे येतात, सोबत तीन नि सहा वर्षांची पोरं, आणि मोबाईलमध्ये यादी: शनिवारवाडा, लाल महाल, दगडूशेठ, केळकर संग्रहालय, आगाखान पॅलेस, सारसबाग, कात्रज, जमलं तर सिंहगड. मुक्काम दोन दिवस! पोरं इतकी लहान असतील तर दिवसाला एकच ठिकाण करावं, आणि त्यात शनिवारवाडा तर मुळीच नको, असं माझं मत आहे. १८२८ च्या आगीत आतल्या इमारती गेल्या. उरली ती जोती आणि तटबंदी. आपण सांगायचं, "इथे गणेश रंगमहाल होता", आणि पोराने गवताकडे बघून विचारायचं, "कुठाय?" त्यापेक्षा पेशवे पार्कात न्या. तिथली फुलराणी ही छोटी झुकझुकगाडी १९५६ पासून पोरांना फिरवतेय. मागे सारसबाग, तळ्यातला गणपती, भेळ. संध्याकाळ सुखात जाते. पटत नसेल तर बोला.

कोथरूडची आई
अजिबात पटत नाही. वाड्यात कंटाळतात ते आईबाप. पोरांना काय हवं असतं? पळायला जागा, चढायला पायऱ्या. दिल्ली दरवाजाचे खिळे दाखवा. हत्तीने डोक्याने धडक देऊ नये म्हणून ते इतक्या वर ठोकलेत, एवढं सांगितलं की पुढचा अर्धा तास हत्ती केवढा, खिळा त्याला कुठे लागेल, हेच चालू राहतं. त्याच दरवाजाच्या फळीत एक छोटी दिंडी आहे. तिच्यातून जाताना मोठ्यांना वाकावं लागतं, पोरं ताठ मानेने जातात. माझी धाकटी ते पाहून इतकी हसली की शेजारच्या आजींनाही हसू आवरेना. आत हजारी कारंजं, पाणी उडत नसलं तरी त्याच्या सोळा पाकळ्या मोजता येतात. पेशव्यांच्या सनावळ्या कुणी सांगायला सांगितल्यात?

पेठकर
आणि ऊन? अकरानंतर त्या जोत्यांवर पाय ठेवून बघा.

कोथरूडची आई
मग अकराला कशाला जायचं? सकाळी आवरून लवकर निघा. पुणेकरांना दुपारी झोपायची सवय आहेच, पोरांनाही झोपवा.

नाशिककर
आम्हीच ते पाहुणे. पाच तास गाडीत पोरांच्या उलट्या सांभाळत यायचं आणि बघायची काय, तर बाग! बागा आमच्याकडेही आहेत. पोरगा पहिलीत आहे, लाल महालात शाहिस्तेखानाची बोटं कापली हे त्याला तोंडपाठ आहे. हल्लीचा लाल महाल नंतर बांधलेला आहे हे मलाही ठाऊक आहे, त्याला त्याने काय फरक पडतो? "हीच का ती खिडकी" म्हणून तो विचारणारच. दिवसाला एकच ठिकाण हे गावातल्या लोकांचे चोचले आहेत. तुम्ही पुढच्या रविवारी परत जाऊ शकता, आम्ही नाही. सिंहगडही करणार, गाडी वरपर्यंत जाते.

सदाशिवातले आजोबा
नाशिककर, गाडी वर जाते हे खरं, पण रविवारी घाटात तिच्या पुढे किती गाड्या असतील तेही बघा. मधल्या वारी सकाळी जा. पिठलं-भाकरी नि मडक्यातलं दही एवढ्यासाठीसुद्धा मुलं गड लक्षात ठेवतात. मात्र कडेच्या बुरुजांवर मुलाचा हात सोडायचा नाही, फोटोसाठीही नाही.
बाकी पेठकरांनी केळकर संग्रहालयाला यादीतच हिणवलं, ते खटकलं. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या स्मरणार्थ हा संग्रह केला. घरातल्याच वस्तू आहेत: दिवे, अडकित्ते, वाद्यं, भांडी. नातवाला सगळं दाखवायचं नाही. "दिव्यावरचे पक्षी शोध" एवढंच काम द्यायचं. तो काचेला नाक लावून मोर, पोपट शोधत बसतो. दुसऱ्या दालनात अडकित्त्यावरचा घोडा. पक्षी संपले की बाहेर.

दोन पोरांचा बाप
आजोबा, तुमचा नातू गुणी आहे. आमच्याकडे काचेची कपाटं म्हणजे तासभर "हात लावू नको". त्यात जिने, नि कडेवर झोपलेलं पोर. मी पेठकरांच्या बाजूने. पावसाळी दिवस असेल तर कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघा. तिथे गाड्या चालवून दाखवतात, सिग्नल पडतात, दिवे लागतात. खेळाची वेळ आधी फोन करून विचारा.
आणि पेठांत बाबागाडी आणू नका. फुटपाथ कधी संपेल नि कुठे त्यावर स्कूटर उभी असेल, याचा नेम नाही.

मेट्रोवाली
तुम्ही सगळे ठिकाणांवरून भांडताय, पोरांना तर तिथवर नेणारी गाडीच आवडते! सिव्हिल कोर्टचं भुयारी स्टेशन जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. सरकत्या जिन्यावरून उतरतच राहा. सप्टेंबर २०२४ पासून तिथून स्वारगेटपर्यंत गाडी जाते: कसबा पेठेत उतरा, वाडा बघा, मंडईत परत चढा. रिक्षावाल्याशी वाद नाही, पार्किंग नाही. तिकिटाच्या पैशात निम्मी सहल होते.

पेठकर
मेट्रोवाली, पटलं. तुमच्यामुळे माझ्या यादीत एक ठिकाण वाढलं. वाडा नाही वाढला.

कोथरूडची आई
कसबा पेठेत उतरून वाड्याकडे पाठ करून उभं राहणार का मग?

नाशिककर
बरं, आमचा बेत बुधवार-गुरुवारचा आहे. पहिल्या दिवशी कात्रजचं प्राणिसंग्रहालय आणि सर्पोद्यान, दुसऱ्या दिवशी वाडा, लाल महाल, केळकर. चालेल?

दोन पोरांचा बाप
कात्रज बुधवारी बंद असतं. गुरुवारी जा, तेही सकाळी. जागा १३० एकर आहे, चालून पोरं थकली की कडेवर तुम्हीच घेणार. दुपारी वाघ झोपलेला असतो आणि पोरं जागी.

नाशिककर
मग बुधवारी वाडा. पेठकर, माफ करा.

पेठकर
जा, जा. टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या घ्या. दगडूशेठ बाहेरूनही दिसतो, रांगेत पोरांना उभं करू नका. आणि दुपारी एकला धाकट्याने रस्त्यात लोळण घेतली, तर इथे येऊन विचारू नका. मंडईला मेट्रो पकडा आणि घरी झोपा.